दाताच्या डॉक्टरांचं नाटक

रुग्णाच्या तोंडात कापसाचे बोळे नीट बसले, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकली, की डॉक्टर गप्पा मारायला लागत. त्याआधी नाही. आधी ते अगदी मोजकं बोलत. या, बसा, कुठे दुखतंय. पण एकदा का समोरच्याची बोलती बंद झाली, की त्यांना प्रश्न सुचायचे.

"बौदी, पुरणपोळीत तुम्ही लोक गूळ घालता की साखर?"

"आं... आं."

"अगदी बरोबर. माझंही तेच मत."

बौदी म्हणजे वहिनी. कलकत्त्यात ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला बाईमाणूस कुणाची तरी दिदी होते, नाही तर बौदी. माझा नवरा सुहास गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात, मी खिदिरपूरला बँकेत आणि घर बेहालाला. बदलीच्या गावात आपण आधी काय शोधतो? शाळा, गॅसवाला, कामाला बाई आणि दाताचा डॉक्टर. पहिले तीन शोधता शोधता दाढ ठणकायला लागली आणि चौथा आपोआप सापडला.

ट्राम डेपोमागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पाटी तीन लिप्यांमध्ये, बंगाली, इंग्रजी आणि चिनी. आत गेले तर पांढरा कोट घातलेले, साठीच्या घरातले, बुटके चिनी गृहस्थ बंगाली वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे. ते चष्म्यावरून बघत हिंदीत म्हणाले, "मी कलकत्त्याचाच आहे, बौदी. तुमच्या बराच आधीपासून."

त्यांचं बोलणं म्हणजे बंगालीत हिंदी आणि हिंदीत बंगाली. ते इथे मी मराठीत सांगते आहे, त्यात त्यांची अर्धी गंमत गेली हे मान्य. एक शब्द मात्र त्यांचा तसाच ठेवायला हवा. टेम्पोरारी. दाढेत भरलेलं सिमेंट टेम्पोरारी. खुर्चीच्या हाताला गुंडाळलेली चिकटपट्टी टेम्पोरारी, मग ती अकरा वर्षं तिथे असेना का. मेट्रोच्या कामासाठी दारासमोर ठोकलेले पत्रेही टेम्पोरारी. लग्न का केलं नाहीत असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "केलं नाही असं नाही. एकटं राहणं हे टेम्पोरारी आहे."

कपाटावर दातांच्या हत्यारांची एक लाकडी पेटी होती. ती त्यांच्या आजोबांची. आजोबा चीनमधल्या हूपे प्रांतातून आले. ते कागदाची फुलं करून विकत आणि दातही बसवत. त्यांच्याकडची बरीच माणसं हे दोन्ही उद्योग करायची म्हणे. खिदिरपूरच्या गोदीजवळ त्यांनी एक खोली घेतली आणि बोटीवरून उतरणाऱ्या खलाशांचे दात दुरुस्त करायला लागले. मग वडील, मग हे. "तीन पिढ्या आम्ही कलकत्त्याच्या तोंडात बघतोय," डॉक्टर म्हणायचे, "तरी कलकत्ता विचारतं, तुम्ही मूळचे कुठले?"

हे सगळं मला कळलं ते छताकडे बघत, तोंड उघडं ठेवून. आणि नाटकात मी सापडले तीही अशीच.

रूट कॅनालची तिसरी खेप होती. अर्धा जबडा बधिर. डॉक्टर आत बारीक सुई फिरवत म्हणाले, "बौदी, मी एक नाटक लिहिलंय. आमच्याच घरावर. आजोबा, बाबा, आई, दिदी, सगळे आहेत. आईचं काम तुम्ही कराल ना?"

"आं! आं!"

"वा. ठरलं."

तोंड मोकळं झाल्यावर मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मला नाटकातलं काही कळत नाही. शाळेत एकदा झाडाचं काम केलं होतं, तेवढंच.

"झाडाला किती वेळ उभं राहायचं होतं?"

"असेल अर्धा तास."

"मग झालं तर. आईसुद्धा बराच वेळ नुसती उभीच आहे."

"अहो, पण माझं बंगाली ऐकलंत ना?"

"त्यासाठीच तर घेतोय. आईचं बंगाली अगदी असंच होतं. पन्नास वर्षं राहून तिला 'जोल' म्हणता आलं नाही, 'जल'च म्हणायची, तुमच्यासारखी. बंगाली बाई घेतली तर तिला इतकं मोडकं बोलायला शिकवण्यात माझे सहा महिने जातील. तुम्हाला आयतं येतंय."

याला स्तुती म्हणायचं की काय, हे तुम्हीच ठरवा.

बाकीची मंडळीही त्याच खुर्चीतून गोळा झाली. कस्टममधून निवृत्त झालेले मुखर्जीबाबू वडील झाले. त्यांची कवळी डॉक्टरांनीच केलेली, त्यामुळे शब्द कुठे अडकेल हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. शाळेत गणित शिकवणारी शोमा डॉक्टरांची दिदी झाली. आणि मला न्यायला आलेला सुहास दारात उभा होता, त्याला डॉक्टर म्हणाले, "दादा, जरा आ करा. हं, मोठ्यानं. छान आवाज आहे." सुहास नाटकातला मुलगा, म्हणजे खुद्द डॉक्टर झाला. बावीस वर्षांच्या संसारानंतर मी नवऱ्याची आई झाले. सुहास म्हणाला, "फरक काय पडला? आधीही तू विचारायचीस जेवलास का, आताही विचारतेस."

आमची सानिका बारावीत होती. ती बदल्यांच्या गावांत वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत क्रियापदं कुठल्याही बाजूला जातात. ती म्हणाली, "आई, तुझा बंगाली ऐकून लोक हसेल."

तालमी रविवारी सकाळी पाड्यातल्या क्लबच्या हॉलमध्ये. पाडा म्हणजे आपली आळी, आणि इथे आळी तिथे क्लब असतोच. हॉल आम्हाला एका अटीवर मिळाला होता. मागच्या बाजूला चाललेला कॅरम थांबणार नाही. त्यामुळे मुखर्जीबाबू मरणाच्या दारात असताना मागून "राणी गेली, राणी गेली!" असा जल्लोष यायचा. डॉक्टर हातात तोंडात बघायचा छोटा आरसा घेऊन उभे असायचे आणि तोच छडीसारखा हलवत सांगायचे, "बौदी, इथे रडा. अजून थोडं. हं, आता पुरे."

मला सात ठिकाणी रडायचं होतं.

नाटकाची गोष्ट साधी होती. आजोबा येतात, खिदिरपूरला दवाखाना निघतो, वडिलांचं लग्न होतं, मुलगी होते. मग बासष्टचं चीनशी युद्ध. एके दिवशी पोलीस येतात आणि घरातल्या सगळ्यांना तासाभरात निघायला सांगतात. आठवडाभर आगगाडी, आणि मग राजस्थानातली छावणी. चिनी चेहऱ्याची हजारो माणसं अशी नेली गेली, हे मला त्या नाटकापर्यंत माहीत नव्हतं. माझं शिक्षण एम. कॉम. आहे, इतिहासात मी बरी होते, तरी माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

डॉक्टर त्या छावणीतच जन्मले. दीड वर्षाचे असताना कुटुंब परत आलं, तर खिदिरपूरच्या खोलीला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. मग बेहाला. वडिलांनी आजोबांच्या पेटीवर पुन्हा सुरुवात केली.

"हे सगळं तुम्हाला आईंनी सांगितलं?" मी एकदा विचारलं.

"छे. आई त्यावर बोलायचीच नाही. बाबाही नाही. विचारलं की म्हणायचे, भात खा. मी आपला इकडचं तिकडचं ऐकून, वाचून लिहिलं. दिदी तेव्हा सात वर्षांची होती. तिला सगळं आठवत असणार."

"मग दिदींना विचारा की."

डॉक्टर आरशावर हा करून तो कोटाला पुसायला लागले. मराठी रुग्णांकडून ते एकच शब्द शिकले होते आणि त्याचा खरा अर्थही त्यांना बरोबर कळला होता. तो त्यांनी मला ऐकवला.

"बघू."

दिदीचं प्रकरण मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती लग्न करून टोरांटोला गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. वडील गेल्यावर आई डॉक्टरांजवळ होती. मग आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना दिदी आली आणि तिला घेऊन गेली. डॉक्टर विमानतळावर गेले नाहीत. दवाखाना उघडून बसले. पाच वर्षांनी आई तिकडेच वारली. त्यानंतर बहीणभावांचा फोन वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला. तोही हवामानावर.

नाटकाचा शेवटचा प्रवेश हाच होता. दिदी सुटकेस ओढते आहे, आई दाराची चौकट धरून उभी आहे, सोडत नाही. तिथे माझं सातवं रडणं होतं, सगळ्यात मोठं. खरं सांगते, त्या प्रवेशात मला ग्लिसरीन लागायचं नाही. आम्ही दर चारपाच वर्षांनी गाशा गुंडाळणारी माणसं. कपाटं, पडदे, मुलीच्या मैत्रिणी मागे टाकून निघताना काय होतं ते मला ठाऊक आहे. मात्र आमच्या हातात बदलीचा कागद असतो आणि पुढच्या गावात क्वार्टर ठरलेलं असतं, हे मी विसरत नसे.

क्लबच्या पोरांनी नाटकाची जाहिरात फोनवर सगळीकडे पाठवली. ती फिरत फिरत टोरांटोला पोचली. एका सकाळी दवाखान्यातला फोन वाजला, आणि खुर्चीत मुखर्जीबाबू असल्यामुळे संभाषण संध्याकाळपर्यंत पाड्यात सगळ्यांना पाठ झालं.

"माझ्यावर नाटक, आणि मलाच पत्ता नाही?"

"तुझ्यावर नाही, दिदी. आपल्या घरावर."

"मी घरातली नाही का? येतेय मी."

आणि आली. प्रयोगाला तीन आठवडे होते. भावापेक्षा वीतभर उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पायात पळायचे बूट. सत्तरी गाठली होती, पण सामान ठेवून आधी कोपऱ्यावर जाऊन पुचका खाऊन आली. पुचका म्हणजे आपली पाणीपुरी. तिचं बंगाली चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. कॅरमवाली पोरं ते ऐकून खूश झाली, कारण त्यांचे आजोबा तसं बोलायचे.

त्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. छावणीचा प्रवेश सुरू झाला. मी तंबूबाहेर उभी राहून तिसरं रडणं रडले. आणि कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटलं कॅरमवाले. बघते तर दिदी.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"आई," डॉक्टर म्हणाले.

"आई कधी रडली?"

ती उठली, माझ्या खांद्यावरची शाल उचलली, स्वतःच्या पाठीवर टाकली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रोज सकाळी हजेरी व्हायची. हवालदाराला आमची नावं म्हणता यायची नाहीत. तो एकच नाव घ्यायचा, आणि तीन बायका एकदम 'हजर' म्हणायच्या. मग तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. आई तंबूमागे जाऊन त्याची नक्कल करायची. अशी." तिनं पोट पुढे काढलं, हातात यादी धरल्यासारखं केलं आणि डोळे बारीक करून काहीतरी असं वाचलं की मुखर्जीबाबूंची कवळी सुटता सुटता राहिली. "बायका तोंडावर हात दाबून हसायच्या. हवालदाराला कळलं तर काय, ही भीती होती, तरी हसायच्या."

मागे कॅरम थांबला होता. अट मोडून.

"वाईट होतं सगळं," ती जरा हळू म्हणाली. "थंडी होती. भात अर्धा कच्चा असायचा. सुटणार कधी हे कुणी सांगायचं नाही. पण आई रडली नाही. तिला सवड कुठे होती? तू पोटात होतास."

डॉक्टरांच्या हातात आरसा तसाच होता. "मला हे कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"तू विचारलंस कधी? आता पुढचं दाखव."

"आज एवढं पुरे."

"शेवट बघायचाय मला."

आम्ही शेवट केला. काय करणार? बिचाऱ्या शोमानं खऱ्या दिदीसमोर सुटकेस खेचली. मी चौकट धरली आणि रडले. सुहास आपली वाक्यं कशीबशी बोलला. संपलं तेव्हा आम्ही कुणीही पहिल्या रांगेकडे बघत नव्हतो.

"असं झालं होतं?" दिदीनं विचारलं.

"हो."

"तू कुठे होतास?"

"दवाखान्यात."

"मग तुला कसं माहीत?"

डॉक्टर हातातला आरसा उलटसुलट करायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलती बंद करून बोललेला माणूस तो.

"मी नेलं नाही तिला," दिदी म्हणाली. "तिला यायचं होतं. तीन वर्षं ती मला फोन करत होती, तू खाली दवाखान्यात गेलास की. म्हणायची, मला इथून ने. तिच्या पलंगाखाली एक बॅग असायची, आठवते?"

"औषधांची."

"औषधांची नाही. त्यात आपले सगळ्यांचे कागद होते, गरम कपडे होते, थोडे तांदूळ होते. छावणीतून आल्यापासून ती बॅग भरलेलीच होती. दार वाजलं की ती आधी बॅगेकडे बघायची. पंचेचाळीस वर्षं! मला म्हणाली, आता म्हातारपणी तरी मला दार वाजल्यावर नुसतं दार उघडायचंय."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"मी शंभरदा म्हटलं तिला, त्याला सांग. तर मलाच शपथ घातली. म्हणाली, त्याला कळलं तर तो दवाखाना बंद करून माझ्यामागे येईल. त्याचं सगळं इथे आहे. दुसऱ्यांदा कुणाचं सगळं सुटलेलं मला बघायचं नाही. त्यापेक्षा तू नेतेयस असं सांगू. तो तुझ्यावर रागावेल. तू लांब आहेस, तुला सोसेल."

मग ती नाक पुसत म्हणाली, "तिथे आल्यावर आठव्या दिवशी तिनं बॅग रिकामी केली. मला म्हणाली, ही आता भाजी आणायला घे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आजची तालीम संपली," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

तीन दिवस दवाखाना बंद होता. प्रयोग होतो की नाही कुणाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्या दाढेतलं टेम्पोरारी सिमेंट पडलं. मी ते जिभेनं मुद्दाम पाडलं, असं सुहास अजून म्हणतो. मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, या.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि कापूस हातात घेऊन तसेच स्टुलावर बसले.

"तीन वर्षं, बौदी. रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायची. आणि मी पंधरा वर्षं दिदीवर राग धरून बसलो. आई अशी का वागली असेल?"

त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि माझं तोंड मोकळं होतं. मला काहीतरी शहाणपणाचं सुचायला हवं होतं, पण सुचलं ते हेच. "माझी आई नाशिकला असते. फोनवर कायम म्हणते, सगळं छान आहे. मागे तिचा हात मोडला होता, तेव्हाही छान आहे म्हणत होती. दीड महिन्यानं भावाकडून कळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"भांडले."

"मग?"

"मग तिनं विचारलं, जेवलीस का."

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर केली नाही. मी छताकडे बघत बसले, मला त्याची सवय होतीच.

त्या दिवसापासून बहीणभावांनी मिळून नाटक पुन्हा लिहायला घेतलं. दवाखान्यात, रुग्ण चालू असताना. डॉक्टर कुणाच्या तरी दाढेत वाकलेले आणि दिदी बाकावर वही घेऊन बसलेली. "तो तंबू डाव्या हाताला होता." "डाव्या असो नाही तर उजव्या, प्रेक्षकांना काय करायचंय?" "मला करायचंय!" रुग्ण बिचारे "आं, आं" करून दोन्ही बाजूंना दुजोरा द्यायचे. माझी सातही रडणी गेली. त्यांच्या जागी हवालदाराची नक्कल आली, आणि ती मला रडण्यापेक्षा दहापट अवघड गेली. दिदीनं माझ्याकडून ती घोटून घेतली. "पोट, पोट! पोट पुढे, बौदी!"

शेवटचा प्रवेशही बदलला. आता चौकट धरणं नव्हतं. आता आई शांतपणे मुलाला खोटं सांगते, "काय करू, तुझी दिदी ऐकतच नाही," आणि मुलगा चिडून दवाखान्यात निघून जातो. जसं खरोखर झालं होतं तसं.

प्रयोग थंडीतल्या एका रविवारी संध्याकाळी झाला. हॉल भरला. पाड्यातले लोक, डॉक्टरांचे रुग्ण, सुहासच्या ऑफिसातली चार मराठी कुटुंबं, आणि टेंगरा, बौबाजार भागातून आलेली म्हातारी चिनी मंडळी, स्वेटर, कानटोप्या घालून पुढच्या दोन रांगांत. हजेरीच्या प्रवेशात मी पोट पुढे काढलं आणि नावं वाचायला लागले, तर आधी पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. मग एक आजी बंगालीत ओरडल्या, "मिशी! त्याला मिशीपण होती!" आणि त्या दोन्ही रांगा हसायला लागल्या. हसता हसता एकमेकांचे हात धरून बसल्या होत्या. वरून सगळं दिसत होतं मला.

शेवटच्या प्रवेशाआधी पडद्यामागे सुहासनं अंगातला चौकड्यांचा शर्ट काढला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"डॉक्टर, एवढा एक प्रवेश तुम्ही करा."

"दादा, वेड लागलं का? मला एक वाक्य पाठ नाही."

"तुम्ही लिहिलंयत."

"लिहिलंय म्हणून काय पाठ असतं?"

"मला नाही जमणार हो ते," सुहास म्हणाला. तो एरवी इतकं सरळ बोलत नाही. "तिथे मी उभा राहणं बरोबर नाही."

पडदा उघडायची घंटा झाली. डॉक्टरांनी शर्ट घातला. सुहासच्या मापाचा तो, बाह्या बोटांच्या खाली आल्या. मी घाईघाईनं त्या दुमडल्या.

प्रवेश सुरू झाला. शोमा सुटकेस घेऊन दाराशी. मी माझं वाक्य म्हटलं, "काय करू रे, तुझी दिदी ऐकतच नाही."

यावर मुलानं म्हणायचं होतं, "मग तू नाही म्हण ना! तुला तोंड नाही?" आणि निघून जायचं होतं. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मला वाटलं विसरले. विंगेतून सुहास वाक्य सांगत होता, ते त्यांना ऐकू येत होतं, मला दिसत होतं. तरी ते उभेच. मग एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "आई, तुला जायचंय ना?"

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी काय करणार? झाडाचं काम केलेली बाई मी. माझं सगळं पाठ केलेलं बंगाली त्या क्षणी डोक्यातून पार निघून गेलं. त्यांचा हात धरला आणि तोंडातून निघालं ते चक्क मराठी.

"हो रे बाळा. जायचंय मला."

हॉलमध्ये पाचपंचवीस माणसांना मराठी येत असेल. पण कुणाला अडलं असं वाटलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच.

"मग जा," ते म्हणाले. "मी विमानतळावर येतो सोडायला."

आणि शोमाच्या हातातली सुटकेस घेऊन ते चालायला लागले. मीही गेले त्यांच्यामागून. शेवट असा बदलल्यामुळे पडदा कधी पाडायचा हे कुणाला कळेना. रंगमंच रिकामा, आणि टाळ्या चालूच. बऱ्याच वेळानं क्लबच्या सेक्रेटरींनी स्वतः जाऊन दोरी ओढली.

नंतर आत आलेल्या दिदीनं भावाला मिठी वगैरे मारली नाही. शर्टाची बाही खाली ओढत म्हणाली, "विमानतळावर आला असतास तर तिनं तुला पहिलं हेच सांगितलं असतं की शर्ट नीट घाल."

पुढच्या दुर्गापूजेनंतर डॉक्टर टोरांटोला गेले. सहा महिन्यांसाठी, टेम्पोरारी. त्याला आता दीड वर्ष होत आलं. दवाखाना एका तरुण बंगाली डॉक्टरणीनं चालवायला घेतला आहे. खुर्ची नवी आहे. हात हलका आहे तिचा, काही दुखत नाही. पण ती काम करताना एक शब्द बोलत नाही. परवा तोंडात कापूस असताना मीच काहीतरी सांगायला गेले, तर म्हणाली, "मॅडम, प्लीज हलू नका."

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी एक व्हिडिओ पाठवला. तिकडे कलकत्त्याहून गेलेली बरीच चिनी कुटुंबं आहेत. त्यांच्या कुठल्याशा हॉलमध्ये त्यांनी हेच नाटक बसवलं. आईचं काम खुद्द दिदी करते आहे, पोट छान पुढे काढून. प्रेक्षक तिला बंगालीतून, हिंदीतून सूचना देताहेत. डॉक्टर स्वतः कुठे दिसत नाहीत, फोन त्यांच्याच हातात असणार. घराच्या दाराचा शेवटचा प्रवेश येतो, दिदी मुलाचं काम करणाऱ्या एका दाढीवाल्या गृहस्थाला म्हणते, "हो रे बाळा," तेही मराठीतून, आणि तिथे चित्र हलतं. छत दिसतं, मग फरशी, मग कुणाच्या तरी बुटांची टोकं. बराच वेळ नुसते बूटच. टाळ्या ऐकू येताहेत. आणि त्या टाळ्यांतून दिदीचा आवाज, चाळीस वर्षांपूर्वीच्या बंगालीत, "अरे, तो फोन ठेव आता आणि वर ये!"

बूट चालायला लागतात. व्हिडिओ तिथे बंद होतो.